पंचाची सही

माळवलीहून भाज्याकडे येताना एका वळणावर हौशीराम येवल्याचं भज्यांचं हॉटेल आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून पोलीस चौकी. हॉटेल म्हणजे काय, तर वर पत्रा, पुढे लाकडी गल्ला, चार बाकडी आणि एक मोठी कढई. चौकी आधी की हॉटेल आधी, यावर दोन्ही बाजू आपापलं सांगतात. हॉटेलखालची जागा सरकारी रस्त्याची आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे आणि त्यावर कुणीच तोंड उघडत नाही.

या शेजारामुळे हौशीराम कायमचा पंच झाला. पंच म्हणजे पोलिसांनी जे पाहिलं ते आपल्याही डोळ्यांदेखत झालं, असं लिहून देणारा साधा माणूस. धरणात कुणी बुडालं, हायवेवर गाडी उलटली, दरीच्या काठावर फोटो काढता काढता कुणी गेलं, की रखमाजी हवालदार भिंतीपलीकडून हाक मारायचा, "हौशीभाऊ, या जरा." हौशीराम खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसायचा आणि जायचा. म्हणजे सुरुवातीला जायचा. पुढे पुढे कागदच गल्ल्यावर यायला लागले. हवालदाराला पायपीट नको, याला कढई सोडायला नको. सातवी पास माणूस, पण सही अशी झोकदार की तलाठ्यानेही वळून बघावं. गावात कुणी विषय काढला तर म्हणायचा, "माझ्या सहीबिगर हितं मेलेला माणूस मेला म्हणून लागत न्हाई." त्याची बायको बयाबाई कांदा चिरता चिरता म्हणायची, "व्हय, यमाचा कारकूनच की तुमी."

बुधा वरच्या ठाकरवाडीतला. तिशीचा, काटक, आणि जन्मापासून ठार बहिरा. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. गावची शाळा म्हणाली, हे पोर आमच्याकडे काय शिकणार. आणि बहिऱ्यांची शाळा पुण्यात, तिथे नेणार कोण? त्याची आई चिमाबाई, तिने त्याला एकच धडा दिला होता: पँट-बूटवाला माणूस काही बोलला की हात जोडायचे आणि मान हलवायची. मार वाचतो. बाकी सगळं शिक्षण हौशीरामच्या बांधावर झालं. सोळा वर्षं तो येवल्यांकडे भात लावायला, कापायला, सरपण फोडायला येत होता. पावसाळ्यात मुठे, म्हणजे डोंगरातले काळे खेकडे, आणून द्यायचा. एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून हातांची एक भाषाच बनवली होती. खांद्यावर दोन थापा म्हणजे टॉवेलवाला हौशीराम. कपाळावर आडवा हात म्हणजे टोपीवाला पोलीस. दोन मुठी एकमेकींभोवती फिरवून तळवा पुढे वाहता सोडला की पाण्याची मोटर. गालाला तळवा लावला की एक नीज, म्हणजे एक दिवस. हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा; बुधा अनवाणी असायचा, त्याच्या तळपायांना बांधाच्या दुसऱ्या टोकाचा हादरा कळायचा. हौशीरामला हिंदी धड येत नव्हतं, पण बुधाशी तो तासभर गप्पा छाटायचा, आणि त्यात निम्म्या गावाची नक्कल असायची.

जुलैतल्या एका शुक्रवारी बुधा मुठ्यांची पिशवी घेऊन आला तो घाईघाईतच. डोंगराकडे बोट, मग मोटरची खूण, मग झुडपाखाली काहीतरी झाकल्याची खूण. खालच्या एका बंगल्यातली मोटर आणि पितळी नळ गेल्याची बोंब हौशीरामच्या कानावर आलीच होती. त्याला सगळं बरोबर कळलं. भिंतीपलीकडे चौकी. उठून चार पावलं जायचं आणि सांगायचं, एवढंच काम. पण उद्या शनिवार, गर्दीचा दिवस. सांगितलं की रखमाजी म्हणणार, चला भाऊ, दाखवा, आणि चिखल तुडवण्यात दिवस जाणार. त्याने बुधाला खुणेने बजावलं: हात लावू नको. टोपीवाले येतील. आले की दाखव. बुधाने छातीवर हात ठेवला. म्हणजे समजलं.

रविवारी टोपीवाले वाडीत गेले. मोबाइलवर मोटरचा फोटो घेऊन दारोदार फिरले. लोक न्हाई न्हाई म्हणत आत सरकले. एकटा बुधा तेवढा खूश झाला. त्याने रखमाजीचं मनगट धरलं आणि ओढतच सगळ्यांना कारवीच्या झुडपापर्यंत नेलं. मोटर सापडली आणि त्याच ठिकाणी बुधाचे हात दोरीने बांधले गेले. बंगल्याचा राखणदार त्याच आठवड्यात काम सोडून पसार झाला होता. त्याची चौकशी कुणाला सुचली नाही. हातात आलेला माणूस सोडून पळालेल्याच्या मागे कोण लागतो?

त्याच दुपारी हॉटेलात ही गर्दी. रखमाजीने कागद गल्ल्यावर ठेवले. हौशीरामच्या हाताला बेसन.

"कशाचं हाय?"

"आपलं न्हेमीचं. तीन ठिकानी."

काल धरणात एक पोरगं बुडालं होतं, त्याचंच असणार, असं धरून हौशीरामने टॉवेलला हात पुसला आणि तीन ठिकाणी सही ठोकली. दुसरी सही करताना भजी करपायला लागली म्हणून तिसरी जरा वाकडी आली. त्या दिवशी त्याला वाईट वाटलं ते एवढ्याच गोष्टीचं.

सोमवारी सकाळी चिमाबाई डोंगर उतरून आली आणि हॉटेलाच्या पायरीवर बसली. "भाऊ, बुध्याला नेलं," म्हणाली, आणि काल काय घडलं ते सगळं सांगितलं. हौशीरामचं डोकं फिरलं. तो तसाच, झारा हातात घेऊन चौकीत शिरला.

"आवो, त्याला ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई, अख्ख्या गावाला म्हाईत हाय! त्यानं तुमाला मोटर दावली, आन त्यालाच धरून नेलाय?"

रखमाजी काही राक्षस नव्हता. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला, गुडघे दुखणारा माणूस. त्याने चहा सांगावा तितक्या शांतपणे फाइल काढली आणि कागद पुढे केला. 'मी बुधा, राहणार ठाकरवाडी, कोणत्याही दबावाशिवाय स्वखुशीने सांगतो की, सदर मोटर मी चोरून झुडपात लपवली असून ती मी काढून देतो. सदरचे निवेदन मला वाचून दाखवले, ते मी ऐकले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली अंगठा. आणि शेजारी, पंच म्हणून, ती झोकदार सही. जरा वाकडी.

"ह्ये... ह्ये त्यानं कवा सांगितलं?"

"तसंच लिवायचं असतंय भाऊ. मजकूर ठरलेला असतो, आमी नाव भरतो. आन त्याला विचारलं तर मान हलवली की त्यानं. धा वेळा हलवली." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "बहिरं-बिहिरं काय न्हाई. मागनं काठी टाकून बघितली मी फळीवर, गर्रकन वळला. तेबी लिवलंय. आता तुमी सही नाकारली तर खोट्या सहीचं पयलं तुमच्यावरच येतंय. नवे साहेब कडक हायेत. रस्त्याकडंच्या टपऱ्या तर त्यांच्या डोळ्यांतच खुपत्यात."

फळीवर काठी टाकली तर बुधा वळणारच. तळपायाने वळणार. हे हौशीरामला माहीत होतं, आणि ते तोंडावर आलंही होतं. पण टपरी हा शब्द कानात शिरला आणि ते सांगायचं राहूनच गेलं. झारा घेऊन तो परत आला. चिमाबाईला म्हणाला, "बघतो मी." झारा कढईत घातला आणि बघणं तिथेच संपलं.

तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! मलाही त्याचा राग येतो. पण राग काढायला आपल्याला सोपं आहे, आपलं हॉटेल रस्त्यावर नाही. पावसाळा गेला, भातं पोटरीला आली, बुधा पुण्याच्या जेलात होता आणि हौशीरामचं बूड एका जागी टेकेना. उभा राहिला की बसावंसं वाटे, बसला की उठावंसं. गिऱ्हाइकाने चहा मागितला की पाणी नेऊन ठेवायचा. भिंतीपलीकडून रखमाजी नुसता खोकला तरी दचकायचा. दोनदा तो सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माळवली स्टेशनवर गेला, पुण्याला जाऊन बुधाला भेटायचं ठरवून. एकदा गाडी समोरून गेली आणि हा बाकावरून उठलाच नाही. दुसऱ्यांदा बसला, पण घोरावाडीला उतरला आणि पलीकडच्या फलाटावरून परत आला. घरी सांगितलं, सोमाटण्याला काम होतं.

कापणीला दुसरे मजूर आणले. त्यांना हाक मारायला हौशीराम बांधावर पाय आपटायचा आणि ते आपले वाकून कापतच राहायचे.

चिमाबाई दर आठवड्याला यायची. कधी शिव्या दिल्या नाहीत, ओरडली नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवर बसायची आणि जेलातलं सांगायची. भेटायला गेलं की मध्ये काच असते आणि बोलायला फोन देतात. फोन! तिने तो कानाला धरायचा आणि बुधाने पलीकडून. मायलेक फोन धरून एकमेकांकडे बघत बसायचे, वेळ संपेपर्यंत. हात वर केले तर शिपाई ओरडतो. कोर्टात नेतात तेव्हा हात बांधून नेतात. "त्याचं तोंडच बांदत्यात वो भाऊ," ती म्हणाली. बहिरेपणाचा दाखला काढायला दवाखान्याने तारीख दिली. त्या दिवशी नेमकी पोलीस गाडी नव्हती. दुसरी तारीख मिळाली ती फेब्रुवारीतली. मग म्हणायची, "सरकारनं एक वकीलबाई दिलीया, कोमल म्हून. ती म्हंती, त्याची भाषा जाननारं कोन हाय? मला म्हंती, तुमी आई, तुमचं कोर्ट धरायचं न्हाई. मी तुमचं नाव सांगितलं."

कोमल आलीही होती ऑक्टोबरात. स्कूटीवरून, धुळीने भरलेली, बॅगेत फायली कोंबलेल्या. हौशीरामने तिला आग्रहाने भजी खाऊ घातली आणि विचारेल त्याला, "मला काय म्हाईत न्हाई म्याडम," एवढंच म्हणत राहिला. ती गेल्यावर बयाबाईने सुरी खाली ठेवली.

"काय म्हाईत न्हाई तुमाला?"

तेव्हा कुठे त्याने बायकोला शुक्रवारची गोष्ट सांगितली. मुठ्यांची पिशवी, मोटरची खूण, आणि आले की दाखव. बयाबाई म्हणाली, "तुमी सांगितलं म्हून दावली त्यानं. आन तुमीच त्याच्याखाली सही केली."

"हाटेल जाईल, बये."

"जाऊं दे मंग. न्हाईतर तुमीच तरी कुटं हितं हाय?"

नोव्हेंबरात समन्स आलं. रखमाजीनेच आणून दिलं. "काय न्हाई भाऊ, पाच मिन्टाचं काम. सही माझी, म्हनायचं. समोर सांगितलं का, व्हय, म्हनायचं. सुटलं."

तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी हौशीराम नऊलाच पोचला आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. टॉवेल आणू नका, असं बयाबाई म्हणाली होती. तरी तो खांद्यावर होताच. आत काय चाललंय ते दारातून अर्धवट दिसत होतं. बुधा त्याच्याकडे पाठ करून उभा होता. केस भादरलेले, मान कोळपलेली. पुण्याहून एक दुभाषी बाई आली होती, प्रतीक्षा नावाची. कोमलने अर्ज दिला, न्यायाधीशांनी बुधाची दोरी सोडायला लावली आणि ती बाई त्याच्यासमोर हातांनी बोलायला लागली. सुंदर, सफाईदार हात. बुधाने ते नीट पाहिले. मग हात जोडले आणि मान हलवली. तिने दुसरं काही विचारलं. त्याने परत मान हलवली. तिसऱ्यांदाही.

ती न्यायाधीशांकडे वळली. "सर, हे होकार नाहीत. यांना माझी भाषा येत नाही. ती शाळेत शिकावी लागते, हे कधी शाळेत गेलेले नाहीत. मी आत्ता यांना विचारलं, तुमच्या घरात हत्ती आहे का? त्यालाही यांनी मान हलवली."

कोर्टात कुणीतरी हसलं. हौशीरामच्या येरझाऱ्या मात्र थांबल्या. असलाच प्रश्न विचारून, असलीच मान मोजून तो कागद झाला होता.

"यांच्या घरच्या खुणा जाणणारा माणूस शोधावा लागेल," प्रतीक्षा म्हणाली.

न्यायाधीशांनी ते टिपून घेतलं. चष्मा पुसत म्हणाले, "शोधा. तोवर आलेला पंच परत पाठवत नाही मी. बोलवा."

हौशीराम पिंजऱ्यात चढला. खरं सांगेन म्हणून शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. सही कुणाची? "माझी." आरोपीने हे निवेदन तुमच्यासमक्ष केलं? हौशीरामने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या सफाईने सही केली त्याच सफाईने तोंडातून निघून गेलं, "व्हय."

आणि धाडकन आवाज झाला.

बुधाने पाय आपटला होता. आरोपीच्या जागेतल्या लाकडी फळ्यांवर, पूर्ण ताकदीने. पिंजऱ्यातल्या माणसाचा टॉवेल त्याला आत्ता दिसला होता, आणि माणसाला हाक मारायची त्याला एकच रीत माहीत होती. शिपाई धावला. रखमाजी मागच्या बाकावरून उठला. हौशीरामने मात्र, नको नको म्हणत असतानाही, वळून बघितलं. सवयच ती.

बुधाचा चेहरा फुलला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला हातांनी बोलता येईल असा माणूस भेटला होता. त्याचे हात सुटले ते थांबेचनात. खांद्यावर दोन थापा. कपाळावर आडवा हात. मुठी फिरल्या, तळवा वाहिला. मनगट धरून ओढल्याची खूण. मग छातीवर हात, आणि परत खांद्यावर दोन थापा. मग गालाला तळवा, एकदा, दोनदा, किती तरी वेळा, आणि शेवटी दोन्ही हातांची छपरासारखी उतरती पाखी, म्हणजे घर. भुवया वर करून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"काय म्हणतोय हा?" न्यायाधीश म्हणाले. "मॅडम?"

"मला नाही कळलं सर," प्रतीक्षा म्हणाली. "पण यांना कळलंय. यांच्या तोंडाकडे बघा."

सगळं कोर्ट हौशीरामकडे बघायला लागलं. सरकारी वकील उठले, की हा आमचा साक्षीदार आहे, दुभाषी नाही. न्यायाधीश म्हणाले, "मी त्यांना दुभाषी नेमतच नाही. साक्षीदार म्हणूनच विचारतोय. तुमच्यासमोर आत्ता जे झालं, ते तुम्हाला समजलं का?"

मागच्या बाकावरून रखमाजी हळूहळू मान हलवत होता, नाही म्हणा म्हणून. हौशीरामला हॉटेलचा पत्रा दिसला, गल्ला दिसला, कढईमागे बसलेली बयाबाई दिसली. चार महिने जे पाय कुठेच थांबत नव्हते ते आता हलेनात, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"समजलं साहेब," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"तो म्हनतोय..." हौशीरामने टॉवेल तोंडावरून फिरवला. "तो म्हनतोय, हौशीभाऊ, तुमी सांगितलं तसंच केलं म्या. टोपीवाले आलं, म्या त्यांच्या हाताला धरून मोटर दावली. हौशीभाऊनी सांगितलं तसं. आता घरी जायाला किती निजा ऱ्हायल्या?"

लिहून घेणाऱ्या कारकुनाचे हात थांबले. कोमल उठली, तिला बोलायची गरजच पडली नाही. हौशीराम एकदा सुरू झाला तो सगळं ओकून मोकळा झाला. शुक्रवार, मुठे, भिंतीपलीकडची चार पावलं जी त्याने टाकली नाहीत. रविवार, बेसनाचा हात. "मी झुडपापाशी नव्हतो साहेब. चौकीतबी नव्हतो. भजी काढत व्हतो. सही माझी हाय, पर त्याच्यावर काय लिवलंय ते मी दुसऱ्या दिशी वाचलं. आन तो काठीला वळला म्हनत्यात, तो पायानं वळला. सोळा वर्सं मी पाय आपटून हाक मारतोय त्याला."

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

"भ्यालो व्हतो." आणि मग, "अजूनबी भ्यालोय."

न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. सरकारी वकिलांनी आपली फाइल मिटली आणि परत उघडली. मग न्यायाधीश म्हणाले, "एक प्रश्न विचारा त्याला. मोटर त्याने चोरली होती का?"

हौशीराम बुधाकडे वळला आणि हात वर केले. मोटरची खूण केली. आणि हात तसेच हवेत राहिले. तो आठवत होता. पावसाला खूण होती, आजारपणाला होती, सापाला होती, हवालदाराच्या पोटाला होती, बयाबाईच्या रागाला तर दोन होत्या. त्याने परत मोटरची खूण केली आणि परत अडला.

"काय झालं?"

"साहेब, इचारता येत न्हाई."

"का?"

"चोरीला आमच्यात खूनच न्हाई. सोळा वर्सांत कवा लागलीच न्हाई."

त्या दिवशी जामीन झाला, स्वतःच्याच हमीवर, आणि चिमाबाई व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून रडली. चौकीकडे खुलासा मागितला गेला. हौशीरामलाही नोटीस निघाली, खोट्या सहीबद्दल उत्तर द्यायची. ती त्याने घेतली आणि त्यावर पोच म्हणून सही केली. त्याआधी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, ओठ हलवत, आणि मागचा शिपाई कंटाळून निघून गेला तरी वाचतच राहिला. रखमाजी त्याच्या जवळून गेला पण थांबला नाही. हॉटेलचं काय होणार ते त्या पाठीवर लिहिलेलं होतं.

पण कागद जेलात पोचल्याशिवाय सुटका नाही. बुधाला आजची रात्र परत तिकडेच काढायची होती. गाडी यायची होती म्हणून शिपायाने त्याला व्हरांड्यात उभं केलं होतं, हात अजून मोकळे. हौशीराम त्याच्यासमोर गेला. एक बोट वर केलं आणि गालाला तळवा लावला. एकच नीज. मग उतरती पाखी. घर. बुधा हसला आणि छातीवर हात ठेवला.

आता एवढ्यावर हौशीराम गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण चार महिन्यांचं साचलेलं त्याला आत राहू देईना. मला माफ कर, हे कसं सांगायचं? त्यालाही दोघांत खूण नव्हती. कधी मागावीच लागली नव्हती. म्हणून त्याने लहान पोरं धरतात तसे आपले दोन्ही कान धरले आणि मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्याने येऊ दिलं.

मान वर केली तर बुधा समोर नव्हता.

तो खाली होता. उकिडवा बसलेला, दोन्ही हातांनी स्वतःचे कान घट्ट धरून, नजर फरशीला. हसू कुठच्या कुठे गेलं होतं. कान धरलेले दिसले की खाली बसायचं, एवढं तिकडे चार महिन्यांत त्याला कुणीतरी पक्कं शिकवलं होतं.

हौशीराम धपकन त्याच्यापुढे बसला. त्याने बुधाची मनगटं धरून हात कानांवरून काढले. हात परत कानांवर गेले. त्याने खांद्यावर दोन थापा मारल्या, मी हाय, मी हाय, म्हणून. गालाला तळवा लावला. घर दाखवलं. बुधा वर बघेना. मुठे धरायला बिळात खोलवर जायचे ते हात हौशीरामच्याने कानांवरून हलेनात. फरशी दगडी होती, तिच्यावर पाय आपटूनही काही उपयोग नव्हता, तरी त्याने तेही करून पाहिलं.

शेवटी त्याने मान वर करून शिपायाकडे बघितलं.

"साहेब, त्याला उट म्हना. माझं ऐकत न्हाई तो."

शिपायाने तंबाखू थुंकली, पुढे होऊन बुधाच्या पायाला काठीचं टोक लावलं, आणि बुधा उठून उभा राहिला.